गुप्ती, पिस्तूल आणि कायद्याची नजर

मराठी भाषेने शस्त्रांना जी नावे दिली आहेत, त्यांत 'गुप्ती' हे नाव आम्हांला नेहमीच विशेष अर्थपूर्ण वाटत आले आहे. बिचवा किंवा वाघनखे ही नावे शस्त्राचे रूप सांगतात. विंचवाच्या नांगीची किंवा वाघाच्या पंजाची आठवण करून देतात. गुप्ती हे नाव मात्र शस्त्राच्या रूपाविषयी अवाक्षर न काढता ते बाळगण्याची रीत तेवढी सांगते. पाहणाऱ्यास वाटावे की गृहस्थाच्या हाती चालण्याची काठी आहे. आणि काठीच्या पोटात मात्र दोन हात लांबीचे पाते निजलेले असावे! शस्त्र कोणते यापेक्षा ते दिसते की दिसत नाही, हाच भेद येथे मुख्य मानला गेला आहे.

हा भेद कायद्यानेही मुख्य मानला, आणि तोही एका काळी एका प्रकारे व दुसऱ्या काळी अगदी उलट प्रकारे. एका काळी शस्त्र उघड बाळगणे हे सभ्यपणाचे व लपविणे हे दुष्टपणाचे लक्षण ठरले. पुढे उघड बाळगणे ही दहशत आणि लपविणे हा शिष्टाचार ठरला. हा उलटा प्रवास ज्या देशात सर्वांत स्पष्टपणे घडून आला तो अमेरिका होय. तेथील कायदेपुस्तके, न्यायनिवाडे आणि बंदुकांच्या कारखान्यांची कहाणी एकत्र वाचली म्हणजे एक मोठे उद्बोधक प्रकरण तयार होते. त्याचा धागा आपल्याही इतिहासाला दोन-तीन ठिकाणी येऊन मिळतो. म्हणून ते येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

१

या प्रकरणाचा आरंभ पिस्तुलाने होत नाही; गुप्तीनेच होतो. १८१३ च्या फेब्रुवारी महिन्यात केंटकी राज्याच्या विधिमंडळाने एक छोटासा कायदा केला. खिशातले पिस्तूल, खंजीर, मोठा सुरा किंवा काठीतली तलवार यांपैकी काहीही जो कोणी शस्त्र म्हणून लपवून बाळगील, त्याला शंभर डॉलरांहून कमी नाही इतका दंड व्हावा. मात्र प्रवासास निघालेल्या माणसास ही बंदी नसावी, असा त्याचा आशय होता. काठीतली तलवार म्हणजे आपली गुप्तीच. लपविलेल्या शस्त्राविरुद्ध अमेरिकेतील राज्यांनी जे पहिले कायदे केले त्यांत हा गणला जातो. लुइझियाना राज्याने त्याच वर्षी असाच कायदा केला.

पुढे ब्लिस नावाच्या एका गृहस्थावर या कायद्याखाली खटला झाला. त्याच्याजवळ सापडली ती गुप्ती. शंभर डॉलर दंड झाला आणि प्रकरण राज्याच्या वरिष्ठ न्यायालयापर्यंत गेले. केंटकीच्या घटनेत, नागरिकांस स्वतःच्या व राज्याच्या रक्षणार्थ शस्त्र धारण करण्याचा हक्क आहे आणि त्याविषयी प्रश्न उपस्थित केला जाणार नाही, असे कलम होते. १८२२ साली न्यायालयाने निर्णय दिला की, हक्क पूर्णपणे हिरावून घेतला तरच घटनाभंग होतो असे नाही. हक्काला घातलेली कात्रीही घटनाभंगच होय. म्हणून कायदा रद्द आणि ब्लिस मुक्त. एका गुप्तीने एक कायदा मोडून काढला!

परंतु केंटकीच्या लोकांस हा निवाडा फार काळ रुचला नाही. १८५० च्या नव्या घटनेत त्यांनी शस्त्राच्या हक्काचे कलम ठेवले खरे. पण लपविलेली शस्त्रे बाळगण्यास प्रतिबंध करणारे कायदे विधिमंडळास करता येतील अशी पुस्ती त्याला जोडली. इतर राज्यांच्या न्यायालयांनी तर ब्लिसच्या खटल्याचा मार्ग बहुधा धरलाच नाही. अलाबामा राज्यात १८४० साली माँटगोमेरीच्या रीड नावाच्या शेरीफावर असाच आरोप आला. त्याला कोणी धमक्या दिल्या होत्या, म्हणून तो पिस्तूल लपवून बाळगीत होता. न्यायालयाने म्हटले की, स्वसंरक्षणाचा हक्क अबाधित आहे. परंतु शस्त्र कोणत्या रीतीने बाळगावे हे ठरविण्याचा अधिकार विधिमंडळास आहे. उघडे बाळगा, लपवू नका. नियमनाच्या नावाखाली हक्कच नष्ट केला तर ते मात्र चालणार नाही. हक्क आणि त्याच्या वापराची रीत यांतील हा भेद पुढे शंभर-दीडशे वर्षे अमेरिकन न्यायशास्त्रात वावरत राहिला.

या निवाड्यांमागे जी नीतिकल्पना होती तिचा विचार करणे येथे अगत्याचे आहे. लुइझियानाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८५० साली चँडलरच्या खटल्यात ती बोलून दाखविली. उघड शस्त्र माणसाला मर्दपणाच्या व उदात्त संरक्षणास प्रवृत्त करते; लपविलेले शस्त्र गुप्त फायदा घेण्याकडे आणि भेकड खुनाकडे ओढते, असा त्या विवेचनाचा मथितार्थ होता. ज्याच्या कमरेला पिस्तूल दिसते त्याच्याशी बोलताना समोरचा माणूस जपून बोलतो, भांडण टाळतो, निदान काय होणार ते जाणून भांडतो. ज्याच्या खिशात ते लपले आहे त्याच्याशी बोलणारा मात्र अंधारात असतो. त्या काळच्या समाजाला हा विश्वासघात वाटला.

आम्हां मराठी माणसांना ही नीती थोडी परकी वाटेल. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी जी भेट झाली, तिच्यातील लपविलेल्या शस्त्राला आमच्या स्मृतीने कधी भेकडपणा म्हटले नाही, सावधपणा म्हटले. दगा होणार हे ज्याला ठाऊक आहे त्याने चिलखत आणि शस्त्र अंगरख्याआड घेऊन जाणे हे आम्ही शहाणपणाचेच लक्षण मानीत आलो. पण याच आमच्या समाजाला जवळजवळ तीनशे वर्षांनी लपविलेल्या शस्त्राचे दुसरे आणि लाजिरवाणे रूपही पाहावे लागले. ३० जानेवारी १९४८ च्या सायंकाळी दिल्लीच्या प्रार्थनासभेत नमस्कार करण्याच्या निमित्ताने पुढे झालेल्या माणसाच्या हाती जे इटालियन बनावटीचे बेरेट्टा पिस्तूल निघाले, ते दोनच दिवसांपूर्वी ग्वाल्हेरहून मिळविलेले होते. आमच्या ग्वाल्हेरच्या वाचकांना ही गोष्ट सांगताना आम्हांला संकोच वाटतो. परंतु इतिहास सांगायचा तर दोन्ही आठवणी शेजारी शेजारी ठेवल्या पाहिजेत. लपविणे हे स्वतः पुण्यही नव्हे आणि पापही नव्हे. पण लपविणाऱ्याच्या मनात काय आहे हे समोरच्याला कळण्याचा मार्ग ते बंद करते. कायद्याची खरी अडचण हीच आहे.

२

कायदे होत होते तिकडे कारखानेही स्वस्थ बसलेले नव्हते. फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजर नावाच्या कारागिराने खिशात मावणारी एकबारी पिस्तुले इतकी सुबक बनविली की, त्याच्या नावाची नक्कल करणारे जागोजाग निर्माण झाले. नक्कल करणाऱ्या एका व्यापाऱ्याविरुद्ध त्याने कॅलिफोर्नियात फिर्याद लावली आणि ती व्यापारचिन्हांच्या कायद्यातील एक आद्य खटला म्हणून आजही शिकविली जाते. त्याच्या आडनावात एक अक्षर वाढवून तयार झालेला शब्द इंग्रजी भाषेत अशा छोट्या पिस्तुलांचे सामान्यनाम होऊन बसला. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेले पिस्तूल डेरिंजरचेच होते. जेमतेम सहा इंच लांबीचे, एकच बार मावणारे, कोटाच्या खिशात कोणाच्याही नजरेस न येणारे.

तथापि खिशातल्या पिस्तुलाचा धोका केवळ शत्रूला नसतो. ते प्रथम ज्याच्या खिशात आहे त्याला असतो. सॅम्युअल कोल्टने १८३६ साली फिरत्या चक्राच्या पिस्तुलाचे एकस्व मिळविले आणि १८७३ साली त्याच्या कंपनीचे सहाबारी रिव्हॉल्व्हर सैन्यात व पश्चिमेकडील सरहद्दीवर सर्वत्र पसरले. त्याची रचना अशी होती की, घोडा पडलेला असताना त्याचे टोक थेट खालच्या काडतुसावर टेकलेले असे. रिव्हॉल्व्हर दगडावर पडले, घोड्यावर आघात झाला की बार उडालाच. म्हणून जाणते लोक सहा खान्यांत पाचच काडतुसे भरीत आणि घोडा रिकाम्या खान्यावर टेकवून ठेवीत.

ज्यांनी ही काळजी घेतली नाही त्यांत एक मोठे नावही आहे. कॅन्ससमधील विचिटा गावी १८७६ च्या जानेवारीत एका रविवारी रात्री वायट अर्प नावाचा पोलीस अधिकारी मद्यगृहात खुर्चीवर बसला होता. त्याचे रिव्हॉल्व्हर म्यानातून घसरले, घोडा खुर्चीवर आपटला आणि बार उडाला. गोळी त्याच्याच कोटातून गेली आणि भिंतीला लागून छतातून बाहेर पडली. गावच्या वृत्तपत्राने ही हकीकत छापली म्हणून आज ती आपल्याला ठाऊक आहे. हाच वायट अर्प पुढे चित्रपटांतून अचूक नेमबाजीचा मूर्तिमंत पुतळा म्हणून मिरविला गेला! शस्त्र वापरण्याचे शौर्य आणि शस्त्र बाळगण्याची शिस्त या दोन वेगळ्या विद्या आहेत, हे या लहानशा अपघाताइतके दुसऱ्या कशानेही स्पष्ट होत नाही.

याच माणसाच्या नावाशी निगडित अशी दुसरी घटनाही कायद्याच्या अभ्यासकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. ॲरिझोनातील टूमस्टोन गावाने एप्रिल १८८१ मध्ये गावाच्या हद्दीत शस्त्रे बाळगण्यास मनाई करणारा नियम केला होता. त्या वर्षीच्या २६ ऑक्टोबर रोजी तेथे जी प्रसिद्ध गोळीबारी झाली, तिचे तात्कालिक कारण हा नियम अमलात आणणे हेच होते. पडद्यावर जी गावे निर्बंधरहित म्हणून दाखवितात, त्यांतील कित्येक गावांत वेशीवरच पिस्तूल जमा करावे लागे, ही गोष्ट चित्रपट सहसा सांगत नाहीत.

खिशात बाळगण्याच्या पिस्तुलाला निर्धोक करण्याचे यत्न मग यंत्रकारांनी हाती घेतले. स्मिथ आणि वेसन या कंपनीने १८८७ च्या सुमारास असे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले की, त्याचा घोडा आतच दडलेला होता, म्हणजे खिशातून काढताना तो कापडात अडकू नये. शिवाय मुठीच्या मागे एक पट्टी होती. ती मुठीने आवळल्याखेरीज चाप ओढताच येत नसे. दुसऱ्या एका कारखान्याने, आयव्हर जॉन्सनने, घोडा आणि टोचणी यांच्यामध्ये एक छोटी दांडी घातली. चाप पूर्ण ओढला तरच ती दांडी वर येऊन आघात पोचवी, एरवी घोड्यावर हातोडा मारला तरी बार उडत नसे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील त्यांच्या एका जाहिरातीत एक लहान मुलगी अंथरुणात रिव्हॉल्व्हर हाती घेऊन खेळताना दाखविली होती. आजच्या वाचकाच्या अंगावर ते चित्र पाहून काटा येईल. त्या वेळी मात्र ते सुरक्षिततेचे प्रमाणपत्र म्हणून छापले गेले.

या जाहिरातीच्या शब्दावर दैवाने केलेली टीका अधिक कठोर होती. ६ सप्टेंबर १९०१ रोजी बफेलो येथील प्रदर्शनात अध्यक्ष विल्यम मॅकिन्ली लोकांशी हस्तांदोलन करीत उभे होते. रांगेतल्या एका तरुणाच्या हाताला रुमाल गुंडाळलेला होता. पाहणाऱ्यांना वाटले की हाताला जखम असेल. रुमालाआड आयव्हर जॉन्सनचे 'सुरक्षित' म्हणून विकले गेलेले रिव्हॉल्व्हर होते. आठ दिवसांनी अध्यक्षांचे निधन झाले. यंत्र सुरक्षित होते यात शंका नाही. ते चुकून उडाले नाही, हेतूने उडविले गेले. यंत्राची सुरक्षितता ही बाळगणाऱ्याची सुरक्षितता असते. समोर उभ्या असलेल्याची नव्हे.

युटा राज्यातील ऑग्डन गावचा जॉन मोझेस ब्राउनिंग हा या विद्येचा सर्वांत मोठा कारागीर. बेल्जियमच्या कारखान्यात त्याच्या आराखड्याने तयार झालेली चपटी, स्वयंचलित पिस्तुले चक्राच्या फुगीर रिव्हॉल्व्हरापेक्षा खिशात अधिक सहज लपत. येथे हा परदेशी इतिहास आपल्या दाराशी येऊन ठेपतो. १९०९ साली लंडनहून हिंदुस्थानात आलेल्या एका प्रवासी पेटीच्या चोरकप्प्यात वीस ब्राउनिंग पिस्तुले होती. ती विनायक दामोदर सावरकर यांनी पाठविली, असा पुढे खटल्यात सरकारपक्षाचा आरोप होता. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या प्रयोगास आलेले कलेक्टर जॅक्सन यांच्यावर अनंत कान्हेरे यांनी ब्राउनिंगनेच गोळ्या झाडल्या. लिंकनही नाट्यगृहात पडले, जॅक्सनही नाट्यगृहात. हेतू आणि प्रसंग यांची तुलना आम्ही करीत नाही. परंतु जेथे माणसे निःशंकपणे एकत्र बसतात तेथेच लपविलेले शस्त्र सर्वाधिक परिणामकारक ठरते, ही गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

३

मॅकिन्ली यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी न्यूयॉर्क राज्याने नवी दिशा धरली. १९१० साली शहराचे महापौर गेनर यांच्यावर गोळी झाडण्यात आली; १९११ च्या जानेवारीत डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स हे कादंबरीकार भर दिवसा रस्त्यावर मारले गेले. त्या वर्षी झालेला सलिव्हन कायदा म्हणू लागला की, लपविता येण्याजोगे शस्त्र बाळगायचे तर परवाना पाहिजे. जुना कायदा म्हणे, 'लपवू नका'. नवा कायदा म्हणू लागला, 'आम्हांला विचारून लपवा.' समोरच्या माणसाचा डोळा जे काम करीत होता, ते काम आता सरकारी अधिकाऱ्याच्या नोंदवहीकडे गेले.

परवाना आला म्हणजे परवाना देणारा आला, आणि त्याच्याबरोबर त्याची मर्जीही आली. या मर्जीचा इतिहास सुखद नाही. फ्लोरिडाच्या १८९३ च्या शस्त्रपरवाना कायद्याविषयी १९४१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनीच आपल्या निवाड्यात मान्य केले की, तो कायदा कृष्णवर्णी मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी केला होता आणि गोऱ्या लोकांना तो लावण्याचा हेतू कधीच नव्हता. ३० जानेवारी १९५६ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीच्या घरावर बाँब टाकण्यात आला, तेव्हा त्यांनी पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. ज्या माणसाच्या जिवाला त्या देशात कदाचित सर्वांत अधिक धोका होता, त्याला परवाना नाकारण्यात आला. ज्या माँटगोमेरीच्या शेरीफाला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी न्यायालयाने 'उघडे बाळगा' म्हणून सांगितले, त्याच गावची ही गोष्ट! किंग यांनी पुढे शस्त्राचा विचारच सोडून दिला, हा त्यांचा मोठेपणा. परंतु त्यामुळे नाकारणाऱ्याचा अन्याय न्याय्य ठरत नाही.

आपल्याकडे अशी मर्जी तर कायद्याच्या पायातच घातलेली होती. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरविला आणि युरोपियनांना मात्र नियमान्वये त्यातून सूट दिली. म्हणूनच राष्ट्रीय चळवळीत शस्त्रधारणाचा हक्क हा स्वाभिमानाचा प्रश्न होऊन बसला. १९३१ च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावातही त्याला स्थान मिळाले. पण स्वराज्य आले तेव्हा काय झाले? १९४८ च्या डिसेंबरच्या आरंभी घटनासमितीत मंगळूरचे हरि विष्णु कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. डॉ. आंबेडकर यांनी तिला विरोध केला. व्यक्तीच्या शस्त्रधारणाच्या हक्कापेक्षा, राष्ट्रावर संकट आले असता शस्त्र हाती घेण्याच्या तिच्या कर्तव्यावर आपण भर दिला पाहिजे, असा त्यांच्या उत्तराचा भावार्थ होता. दुरुस्ती नामंजूर झाली. गांधीजींच्या हत्येला तेव्हा जेमतेम दहा महिने झाले होते. आज घटनेच्या १९ व्या अनुच्छेदात आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क आहे. तो शांततेने आणि शस्त्रांवाचून जमण्याचा आहे. ज्या राष्ट्राचा पिता प्रार्थनेला जमलेल्या लोकांत लपविलेल्या पिस्तुलाने मारला गेला, त्या राष्ट्राच्या घटनेतील 'शस्त्रांवाचून' हा शब्द आम्हांला नुसता कायद्याचा शब्द वाटत नाही.

अमेरिका उलट दिशेने गेली. १९८७ साली फ्लोरिडाने कायदा बदलला : ठरलेल्या अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदारास लपविलेल्या शस्त्राचा परवाना द्यावाच लागेल, अधिकाऱ्याची मर्जी चालणार नाही. एकामागून एक राज्ये त्या मार्गाने गेली. पुढे कित्येकांनी परवान्याची अटच काढून टाकली. २०२४ पर्यंत अशा राज्यांची संख्या एकोणतीस झाली. २००८ च्या हेलर खटल्यात देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणार्थ पिस्तूल ठेवणे हा व्यक्तीचा हक्क मानला. मात्र एकोणिसाव्या शतकातील बहुतेक न्यायालयांनी लपविलेल्या शस्त्रांवरील बंदी वैध ठरविली होती, हेही त्याच निवाड्यात नमूद केले. २३ जून २०२२ रोजी ब्रुएन खटल्यात न्यूयॉर्कची, विशेष कारण दाखविल्याखेरीज परवाना न देण्याची, जुनी पद्धत घटनाबाह्य ठरली. दोनशे वर्षांत चक्र पूर्ण फिरले. चँडलरच्या न्यायमूर्तींना जे भेकडाचे लक्षण वाटले, ते आता त्याच देशात सभ्य नागरिकाचे वर्तन मानले जाते; आणि पिस्तूल उघड लटकवून दुकानात शिरणाऱ्या माणसाकडे लोक भयाने पाहतात.

आपल्याकडे तर लपविणे हे कर्तव्यच झाले आहे. १९५९ च्या शस्त्रकायद्याखाली २०१६ साली जे नवे नियम झाले, त्यांनुसार परवानाधारकाने सार्वजनिक जागी पिस्तूल न्यायचे तर ते अंगाशी बांधलेल्या म्यानात किंवा तशाच पिशवीत असावे, पूर्णपणे झाकलेले असावे आणि त्यावर बाळगणाऱ्याचा परिणामकारक ताबा असावा. ते परजून दाखविता येत नाही. परवाना मागणाऱ्याने शस्त्रसुरक्षेचे प्रशिक्षणही घेतलेले असले पाहिजे. ब्लिसला जे केल्याबद्दल शंभर डॉलर दंड झाला, ते आपल्याकडे न केल्यास दोष लागतो!

४

या नियमातील 'परिणामकारक ताबा' हे दोन शब्द आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे आहेत. कारण झाकणे सोपे, ताबा कठीण. चापावर वस्त्राची घडी, बटण किंवा बोट अडकणार नाही असे चापाभोवतीचे कडे पूर्णपणे झाकणारे कठीण म्यान. ते कमरेला घट्ट धरणारा पट्टा. शस्त्र नेहमी भरलेलेच आहे असे समजून वागण्याची सवय. नळी कधीही माणसाकडे न वळविणे. बार काढण्याचा निश्चय झाल्याखेरीज बोट चापाला न लावणे. आणि घरी येताच ते कुलपात ठेवणे, ही शिस्त जगातील सर्व जाणते शिक्षक एकमुखाने सांगतात. तिच्यात गूढ काही नाही. पण ती एका दिवसाचीही सुटी घेऊ देत नाही.

२००८ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या एका रात्रमंडळात प्लॅक्सिको बरेस या फुटबॉलपटूने पिस्तूल म्यानाशिवाय ढगळ विजारीच्या कमरेत खोचले होते. ते घसरले, सावरण्याच्या धडपडीत बार उडाला आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. पुढच्या वर्षी त्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. विचिटाच्या त्या खुर्चीपासून न्यूयॉर्कच्या या विजारीपर्यंत एकशेबत्तीस वर्षे गेली. यंत्र कितीतरी सुधारले, माणूस तेथेच राहिला. २०१४ साली आयडाहो राज्यात एका दुकानात, परवाना असलेल्या आईच्या पिशवीतील पिस्तूल तिच्या दोन वर्षांच्या मुलाच्या हाती लागले आणि ती माउली जागीच गेली. १ ऑक्टोबर २०२४ रोजी मुंबईत एका नामांकित अभिनेत्याच्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरचा बार त्याच्याच घरी त्याच्याच पायात उडाला. सुदैवाने जिवावर बेतले नाही. यांत शत्रू कोठेच नव्हता. ज्या भयासाठी शस्त्र घेतले ते भय बाहेरच राहिले आणि शस्त्र आत राहिले.

वकिलीच्या व्यवसायात परवान्याची प्रकरणे आमच्याकडे येतात. पक्षकार नेहमी एकच प्रश्न विचारतो : 'परवाना मिळेल का?' 'मिळाल्यावर मला कोणत्या सवयी बदलाव्या लागतील?' असे विचारणारा पक्षकार आम्हांला अद्याप भेटावयाचा आहे. अर्जाच्या नमुन्यात भयाचे कारण लिहिण्यास जागा असते. संयमाचे प्रमाण लिहिण्यास नसते. तसा रकाना करणेही कोणा नियमकर्त्याच्या हातचे नव्हे, हे आम्ही जाणतो.

तरी या दोनशे वर्षांच्या हकीकतीतून एवढे निष्पन्न होते असे आम्हांस वाटते. उघड शस्त्राच्या बाबतीत समाजाचा डोळा हा पहारेकरी असतो. भोवतालची माणसे बाजूला होतात, सावध होतात, हटकतात. शस्त्र वस्त्राआड गेले की हा पहारा उठतो. यंत्रकार त्याची जागा घेऊ शकत नाही. मॅकिन्लींचा मृत्यू ते सांगतो. परवाना देणारा अधिकारीही पुरा पडत नाही. किंग यांचा अर्ज ते सांगतो. उरतो तो शस्त्र बाळगणारा स्वतः. जो माणूस शस्त्र लपवून चारचौघांत वावरतो, तो त्या चारचौघांच्या संमतीवाचून त्यांच्या जिवाची राखण पत्करीत असतो. आणि ती कशी पार पडली हे त्यांना कधी कळतही नाही. नीट पार पडली तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडणे हेच तिचे यश असते.

आमच्या पिढीने पाहिलेल्या जुन्या घरांत कोपऱ्यात एखादी गुप्ती टेकून ठेवलेली असे. मुलांनी तिला हात लावू नये म्हणून आजोबा ती काठी आहे असेच सांगत. मुले मोठी झाल्यावर केव्हा तरी पाते दिसे आणि मग कळे की इतकी वर्षे ती आपल्या शेजारी उभी होती आणि एकदाही म्यानाबाहेर आली नव्हती. आजोबांच्या शौर्याच्या कथा आम्ही पुष्कळ ऐकल्या. त्यांत या न काढलेल्या पात्याची कथा कोणी सांगितली नाही. ती सांगण्याजोगी होती, असे आता वाटते.